दोन झाकणे : मायक्रोवेव्हच्या इतिहासाचा न लिहिलेला अर्धा भाग

#थ्रेड

१/
जेम्स वॉट आणि किटलीची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. पाणी उकळते, झाकण थडथडू लागते आणि एका मुलाला वाफेची शक्ती उमगते. ही दंतकथाच, कारण न्यूकोमेनचे बाष्पयंत्र १७१२ मध्ये, म्हणजे वॉटच्या जन्माच्या चोवीस वर्षे आधीच, चालू झाले होते. परंतु या दंतकथेतही एक गंमत आहे. ऐकणाऱ्या प्रत्येकाचे लक्ष वाफेकडे जाते, झाकणाकडे कोणाचेच जात नाही. झाकण नसते तर ती वाफ निमूटपणे हवेत विरून गेली असती आणि गोष्टच घडली नसती.

आजचा थ्रेड झाकणाविषयी आहे. नेमके सांगायचे तर मायक्रोवेव्हमध्ये अन्न ठेवताना आपण जे ठेवतो, किंवा कंटाळा करून ठेवत नाही, त्या झाकणाविषयी.

२/
माझे म्हणणे आरंभीच सांगणे बरे. मायक्रोवेव्ह भट्टीला दोन झाकणे असतात. पहिले म्हणजे तिचे दार. ते तरंग आत कोंडते. दुसरे म्हणजे अन्नावरचे झाकण. ते वाफ आत कोंडते. पहिल्या झाकणासाठी अभियंते राबले, कायदे झाले, मोजमापे ठरली. दुसरे झाकण मात्र ‘घरात कोणीतरी बघेल’ म्हणून सोडून देण्यात आले. तंत्रज्ञानाच्या इतिहासानेही हाच पंक्तिप्रपंच मुकाट्याने पुढे चालवला. त्यामुळे इतिहास अपुरा राहिला, आणि पुष्कळदा जेवणही अर्धे गार राहिले.

३/
झाकण हे तंत्रज्ञान आहे, हे प्रथम मान्य करू. १६७९ मध्ये दनी पापँ या फ्रेंच संशोधकाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपले ‘डायजेस्टर’ नावाचे भांडे सादर केले. भांडे जाड धातूचे, झाकण घट्ट आवळलेले. आतील दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढे आणि हाडेसुद्धा मऊ पडत. एप्रिल १६८२ मध्ये सोसायटीच्या सदस्यांनी या भांड्यात शिजलेले जेवण घेतले. जॉन एव्हलिनने आपल्या रोजनिशीत त्या मेजवानीचे वर्णन करून ठेवले आहे.

दाब अनावर होऊ नये म्हणून पापँने झाकणाला वजनाने दाबलेली झडप बसवली. आपल्या कुकरच्या शिट्टीची ती पणजी. पुढे १६९० मध्ये याच पापँने वाफेवर चालणाऱ्या दट्ट्याची कल्पना मांडली. म्हणजे बाष्पयंत्राच्या वाटेवर एक थांबा स्वयंपाकाच्या भांड्याच्या झाकणाचा होता. वॉटच्या किटलीची गोष्ट दंतकथा असली, तरी पापँचे झाकण खरे होते.

४/
वाफ कोंडली की नेमके काय साधते? याचे उत्तर १७६०च्या दशकात ग्लासगो विद्यापीठात जोसेफ ब्लॅक शिकवत होता. पाण्याची वाफ होताना तापमान न वाढताही प्रचंड उष्णता शोषली जाते. शालेय पुस्तकात आपण तिला अप्रकट उष्मा म्हणतो. एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून शंभर अंशांपर्यंत नेण्यास १०० कॅलरी लागतात. परंतु त्या उकळत्या पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारे ५४० कॅलरी लागतात.

उघड्या भांड्यातून वाफ गेली, म्हणजे नुसते पाणी गेले असे नाही; हा सारा ऐवज तिच्याबरोबर गेला. झाकण असेल तर वाफ त्याला किंवा अन्नाच्या थंड भागाला भिडते, पुन्हा पाणी होते आणि घेतलेली उष्णता तेथेच परत करते. योगायोग असा की त्याच विद्यापीठात उपकरणांची दुरुस्ती करणारा जेम्स वॉट हा ब्लॅकचा मित्र होता.

५/
आता आपल्या स्वयंपाकघरात या. मराठी पाककृतींत ‘वाफ आणणे’ असा एक स्वतंत्र क्रियाप्रयोग आहे. ‘झाकण ठेवून एक दणदणीत वाफ आणावी’, ‘दोन वाफा येऊ द्याव्यात’. येथे वाफ हे वेळ मोजण्याचे माप आहे. मिनिटांचा उल्लेख नाही, कारण मिनिटे चुलीवर आणि विस्तवावर अवलंबून असतात. वाफ मात्र आतले काम किती झाले ते सांगते.

त्याहून चतुर युक्ती झाकणावर पाणी ठेवण्याची. उसळ किंवा कोरडी भाजी शिजवताना पातेल्यावर खोलगट ताटली ठेवून तीत पाणी ओततात. त्या पाण्यामुळे ताटली फार तापत नाही. आतली वाफ तिच्या तळाला लागून थेंबाथेंबाने खाली उतरते आणि भाजी करपत नाही. शिवाय लागलेच तर वरचे कढत पाणी भाजीत घालता येते. रसायनशाळेत वाफेचे पुन्हा पाणी करणारे शीतक नळीभोवती गार पाणी खेळवून जे साधते, तेच येथे एका ताटलीत साधले आहे. ही युक्ती कोणी शोधली त्याची नोंद नाही. नोंद नाही म्हणजे शोध नव्हे, असे मात्र नाही.

६/
झाकण धातूचेच हवे असेही नाही. दम देताना भांड्याचे तोंड कणकेने लिंपतात. रायगड जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत पोपटी लावतात. मडक्यात वालाच्या शेंगा भरून त्याचे तोंड भांबुर्ड्याच्या पाल्याने बंद करतात, मडके उपडे ठेवतात आणि भोवती जाळ करतात. वरून पाण्याचा थेंबही घालत नाहीत. शेंगांतील ओलाव्याची वाफ होते आणि पाला तिला अडवून धरतो. पाला येथे झाकणही आहे आणि स्वादही.

म्हणजे विसावे शतक उजाडले तेव्हा माणसाजवळ झाकणाचे शास्त्र चांगलेच मुरलेले होते. मग एक असे यंत्र आले ज्यात विस्तवच नव्हता.

७/
फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला. आखूड तरंगलांबीचे शक्तिशाली रडार त्यामुळे शक्य झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात टिझार्ड मिशनने हे गुपित अमेरिकेत पोहोचवले. मॅग्नेट्रॉनचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन करणाऱ्या कंपन्यांत रेथिऑन होती आणि तेथे पर्सी स्पेन्सर हा अभियंता काम करत होता.

खिशातले चॉकलेट विरघळल्याची त्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. तिच्या जोडीने अंड्याचीही गोष्ट सांगतात : यंत्रापुढे धरलेले अंडे फुटून कोणा सहकाऱ्याच्या तोंडावर उडाले. दोन्ही गोष्टी वॉटच्या किटलीसारख्याच ऐकाव्यात. पण अंड्यामागचे शास्त्र खरे आहे. कवच म्हणजे वाफेला वाट न ठेवणारे झाकण. आणि मक्याची लाही? दाण्याची टणक साल हेही झाकणच. आतला दाब असह्य झाला की ते फुटते.

८/
स्पेन्सरने ऑक्टोबर १९४५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट १९५० मध्ये मिळाले. १९४७ ची पहिली ‘रडारेंज’ माणसाच्या उंचीची, सुमारे ३४० किलो वजनाची आणि पाण्याने थंड ठेवावी लागणारी होती. ती घरांसाठी नव्हतीच. १९५५ मध्ये टॅपन कंपनीने घरगुती भट्टी आणली, किंमत १,२९५ डॉलर. १९६७ मध्ये अमानाची ओट्यावर मावणारी रडारेंज ४९५ डॉलरला आली आणि मध्यमवर्गीय अमेरिकी घरांचे दार तिला उघडले.

येथपर्यंतचा इतिहास कोणत्याही लोकप्रिय लेखात सापडतो. युद्ध, प्रयोगशाळा, पेटंट, किंमत. पुढचे पान मात्र बहुधा उलटलेच जात नाही.

९/
यंत्र घरात येताच भीतीही आली, ती गळतीची. अमेरिकी काँग्रेसने १९६८ मध्ये किरणोत्सर्जन करणाऱ्या उपकरणांसाठी कायदा केला. १९७१ पासून मायक्रोवेव्हसाठी मर्यादा लागू झाली : पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर प्रति चौरस सेंटिमीटर ५ मिलिवॅटहून अधिक गळती यंत्राच्या साऱ्या आयुष्यात होता कामा नये. दार उघडताच तरंग थांबवणारी किमान दोन स्वतंत्र कुलुपे सक्तीची झाली. तरीही १९७३ मध्ये ‘कन्झ्युमर्स युनियन’ या ग्राहक संस्थेने कोणत्याही मायक्रोवेव्हला पूर्णपणे सुरक्षित म्हणण्यास नकार दिला आणि मोठी खळबळ उडाली.

या साऱ्या वादाचा विषय एकच होता : पहिले झाकण.

१०/
आणि ते झाकण उत्तम जमले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. घरगुती भट्टीतील तरंगांची वारंवारता २,४५० मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे १२ सेंटिमीटर. दाराच्या जाळीची छिद्रे जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरची. इतक्या लहान छिद्रांतून एवढे लांब तरंग जवळजवळ बाहेर पडतच नाहीत. प्रकाशाची तरंगलांबी अत्यंत सूक्ष्म असल्याने तो मात्र सहज पार होतो. म्हणूनच आपण आतले अन्न पाहू शकतो.

पण ज्या भीतीने वर्तमानपत्रे भरली, तिच्या तुलनेत खरा रोजचा धोका कोठे होता? तो ताटातच होता.

११/
मायक्रोवेव्हचे तरंग भिंतींवरून परावर्तित होऊन एकमेकांत मिसळतात. काही ठिकाणी जोर वाढतो, काही ठिकाणी जवळजवळ नाहीसा होतो. अशी जागांची अदलाबदल सुमारे ६ सेंटिमीटरच्या, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीच्या, अंतराने होते. फिरती थाळी त्यावरचाच उपाय. पण तो पुरा पडत नाही. शिवाय तरंग अन्नात काही सेंटिमीटरच शिरतात. म्हणून कडेचा भात जीभ पोळतो आणि मधला ढीग गार राहतो.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. तंदूर किंवा भट्टीत हवाही तापलेली असते. मायक्रोवेव्हमध्ये आतली हवा आणि भिंती जवळपास थंडच असतात. उघड्या अन्नाच्या पृष्ठभागावरून पाणी वाफ होऊन जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. त्यामुळे वरचा थर कोरडा पडतो आणि आतल्यापेक्षा थंडही राहतो.

१२/
आता दुसरे झाकण ठेवा. गरम भागातून निघालेली वाफ झाकणाखाली पसरते. ती थंड भागाला भिडते, तेथे पाणी होते आणि ब्लॅकने सांगितलेली ती दडलेली उष्णता नेमकी जेथे कमतरता आहे तेथे सोडते. तरंगांना जो भाग सापडला नाही, तो वाफेला सापडतो.

म्हणून ‘झाकण कशाला? तर आत डाग उडू नयेत म्हणून’ हे प्रचलित उत्तर मला अपुरे वाटते. डाग न पडणे हा वरकड लाभ आहे. झाकण हा उष्णता वाटून देणारा भाग आहे. चुलीवर ते उपयुक्त होते. येथे ते बहुतेक वेळा आवश्यक आहे. म्हणजेच सर्वांत आधुनिक म्हणवणारे यंत्र सर्वांत जुन्या युक्तीवाचून अपुरे आहे.

१३/
हा केवळ चवीचा प्रश्न नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला असा : मायक्रोवेव्हमध्ये अन्न झाकावे, वाफेला थोडी वाट ठेवावी, मध्येच ढवळावे, नंतर काही वेळ तसेच राहू द्यावे, आणि पुन्हा गरम केलेले अन्न सर्वत्र ७४ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचावे. अर्धवट गरम झालेल्या भागात रोगजंतू जिवंत राहू शकतात.

२००७ मध्ये अमेरिकेत गोठवलेल्या मांसाच्या पॉट पायमुळे साल्मोनेलाची साथ पसरली. ४१ राज्यांत ४०१ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतील पुष्कळांनी तो पदार्थ मायक्रोवेव्हमध्ये शिजवला होता. दोष एकट्या झाकणाचा होता, असे मी म्हणणार नाही. दूषित माल, भट्टीची कमी-अधिक शक्ती आणि संदिग्ध सूचना हे सारे त्यात होते. पण धोका कोठे दडलेला असतो, हे त्या प्रसंगाने दाखवले. दारातून काहीच गळले नव्हते. आतले अन्न सर्वत्र तापले नव्हते.

१४/
मग दुसऱ्या झाकणाची जबाबदारी कोणावर होती? सिंथिया कॉकबर्न आणि सुझन ऑर्मरॉड यांनी १९९३ मध्ये ‘जेंडर अँड टेक्नॉलॉजी इन द मेकिंग’ हा ग्रंथ लिहिला. ब्रिटनमधील मायक्रोवेव्हचा कारखान्यापासून घरापर्यंतचा प्रवास त्यांनी तपासला. यंत्र घडवणारे अभियंते बहुतांशी पुरुष. त्या यंत्रात पदार्थ शिजवून पाहणाऱ्या, वेळा ठरवणाऱ्या आणि सूचना लिहिणाऱ्या गृहअर्थशास्त्रज्ञ स्त्रिया. पहिल्यांचे काम ‘तंत्रज्ञान’ ठरले, दुसऱ्यांचे ‘स्वयंपाक’. आणि प्रतिष्ठेची उतरंडही त्याच क्रमाने लागली.

माझा आक्षेप नेमका या विभागणीला आहे. भट्टीत तरंग कसे पसरतात हे ज्ञान, आणि त्या भट्टीत भात कसा पसरावा हे ज्ञान नव्हे? जाळीचे छिद्र किती असावे हे अभियांत्रिकी, आणि झाकणाला फट किती ठेवावी ही ‘बायकांची खबरदारी’? दोहोंमागचे भौतिकशास्त्र तर एकाच दर्जाचे आहे.

१५/
झाकण कशाचे असावे, यालाही इतिहास आहे. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग येथे १९१३ मध्ये बेसी लिटलटन यांनी पतीच्या काचकारखान्यातून आणलेल्या, तळाशी कापलेल्या बॅटरीच्या काचपात्रात केक भाजला. १९१५ मध्ये पायरेक्सची भांडी बाजारात आली. मायक्रोवेव्हच्या तीस वर्षे आधी एका गृहिणीच्या प्रयोगाने जी काच स्वयंपाकघरात आणली, ती पुढे या यंत्राला चपखल बसली, कारण तरंग तिच्यातून सहज पार होतात.

प्लॅस्टिकच्या पापुद्र्याची कथा वेगळी. १९३३ मध्ये डाऊ कंपनीच्या प्रयोगशाळेत राल्फ वायली यांना भांड्याला चिकटून बसलेला एक हट्टी पदार्थ सापडला, तोच सारान. युद्धकाळात तो लष्करी सामग्रीला दमटपणापासून वाचवण्यासाठी वापरला गेला आणि १९५३ पासून घरोघरी अन्न झाकू लागला. म्हणजे भट्टीप्रमाणे तिचे हे झाकणही युद्धातूनच आले.

१६/
पण युद्धातून आलेल्या वस्तू घरात रुळताना प्रश्नही आणतात. पापुद्रा लवचीक राहावा म्हणून त्यात मिसळलेली द्रव्ये गरम, तेलकट अन्नात उतरू शकतात, ही चिंता १९८०च्या दशकापासून चर्चेत आली. तेल झिरपू नये म्हणून कागदी वेष्टनांवर, लाह्यांच्या पिशव्यांवरसुद्धा, वापरली जाणारी पीएफएएस वर्गातील रसायने अमेरिकी बाजारातून हद्दपार झाल्याचे तेथील अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले. दाराची मर्यादा १९७१ मध्ये ठरली. अन्नाला भिडणाऱ्या झाकणाच्या या एका प्रश्नाचा निकाल लागण्यास अर्धशतक जावे लागले. दोन झाकणांतील पंक्तिप्रपंच म्हणतात तो हा.

१७/
कोणी म्हणेल, प्रत्येक वेळी झाकण कशाला? बरोबर. पापड भाजताना झाकण नको, कारण तेथे पाणी घालवणे हाच हेतू आहे. शेव, चिवडा, सादळलेले शेंगदाणे यांचेही तेच. आणि पूर्ण घट्ट झाकण तर कधीच नको. अंड्याची गोष्ट आठवावी.

बाकी वेळी साधा नेम पुरतो : काचेची किंवा धातूची नक्षी नसलेली चिनी मातीची ताटली पालथी ठेवावी, एका कडेला फट राहू द्यावी, भातासारख्या कोरड्या अन्नावर पाण्याचा हबका मारावा, अर्ध्यावर ढवळावे, आणि यंत्र थांबल्यावर दोन मिनिटे झाकण काढू नये. त्या दोन मिनिटांत उष्णता आपली जागा शोधत असते. काढताना मात्र झाकण स्वतःपासून दूरच्या बाजूने उचलावे; ५४० कॅलरींचा तो ऐवज हातावर घेण्यात शहाणपण नाही.

१८/
शेवटी इतिहासाच्या वाचकांसाठी. वापराचा इतिहास लिहायचा, तर साधने बदलावी लागतील. पेटंट कार्यालयाचे दप्तर पुरणार नाही. यंत्राबरोबर आलेल्या सूचनापुस्तिका, मासिकांतील पाककृतींची सदरे, वहीच्या समासात पेन्सिलीने दुरुस्त केलेल्या वेळा ही कागदपत्रे आहेत. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ किंवा कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ आपण पाककृतींसाठी उघडतो. उष्णता, भांडी आणि वेळ यांच्या वापराची नोंदवही म्हणूनही ती वाचता येतील. रुथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ मध्ये ‘मोअर वर्क फॉर मदर’ लिहून अमेरिकी घराच्या बाबतीत ही वाट दाखवली. मराठी घराच्या बाबतीत ती वाट अजून बरीच चालायची आहे.

१९/
तेव्हा एक विनंती. आपल्या घरातील पहिल्या मायक्रोवेव्हची पुस्तिका फडताळात पडून असेल, तर ती रद्दीत देऊ नका. तिच्यावर कोणी काही लिहून ठेवले असेल, तर कोणी आणि केव्हा, ते आताच विचारून घ्या; सांगणारी माणसे आज हाताशी आहेत. आणि चुलीवरची कोणती झाकणाची युक्ती आपल्या आईने, आजीने किंवा वडिलांनी या नव्या यंत्रात आणली, ते खाली अवश्य लिहा. गाव आणि साधारण साल नमूद केलेत, तर त्या नोंदीचे मोल आणखी वाढेल.